खंदकातले फुलपाखरू



'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा १९३० सालचा चित्रपट आपण वर्गात पाहिला. अखेरीस पॉल हा तरुण जर्मन सैनिक खंदकाबाहेर बसलेल्या फुलपाखराकडे हात नेतो. पलीकडून गोळी येते आणि हात निपचित पडतो. दिवे लागल्यावर एका छात्राने विचारले, "सर, फुलपाखरासाठी आडोसा सोडायचा? ही चूकच ना?"

मी घाईत उत्तर दिले, "फुलपाखरू म्हणजे आत्मा. ग्रीक भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, 'प्सीकी'." माहिती खरी होती, पण उत्तर अपुरे होते. म्हणून हा लेख.

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला, तिचा लेखक एरिख मारिया रेमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात लढून जखमी झाला होता. १९२९ च्या त्या पुस्तकात फुलपाखराचा हा शेवट नाही. पण फुलपाखरे आहेत. एका सकाळी दोन पिवळी फुलपाखरे खंदकासमोर बागडतात. आसपास फूल नाही, झाड नाही. ती एका कवटीच्या दातांवर विसावतात. पुढे पॉल रजेवर घरी जातो, तेव्हा भिंतीवर त्याने लहानपणी जमवलेल्या फुलपाखरांची पेटी असते. घर तेच, आई-बहीण त्याच. परका झालेला असतो तो स्वतः.

आता चित्रपटातला तो हात पुन्हा आठवा. तो हात सैनिकाचा आहे, आणि फुलपाखरे जमवणाऱ्या मुलाचाही.

दुसऱ्या बाजूच्या खंदकात आयझॅक रोझेनबर्ग हा इंग्रज कवी होता. १९१६ मध्ये त्याने पहाटेच्या खंदकावर कविता लिहिली. तिच्यात एक उंदीर त्याच्या हाताला स्पर्शून जातो. हाच उंदीर थोड्या वेळाने जर्मन हातालाही स्पर्श करील, असे कवीला वाटते. माणसांना बंद असलेली वाट उंदराला मोकळी आहे. १ एप्रिल १९१८ रोजी रोझेनबर्ग युद्धात कामी आला. तो २७ वर्षांचा होता.

यावरून मी एवढे शिकलो की प्रतीकाचा अर्थ पाठ करून भागत नाही. तो जीव कुठे बसला आहे, त्याच्याकडे कोण पाहत आहे आणि त्या पाहणाऱ्याने काय गमावले आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. फुलपाखरू बागेत असते, तर आपण पाहून पुढे गेलो असतो. कवटीवर बसले म्हणून जगणे किती नाजूक आहे ते दिसले.

त्या छात्राला आता माझे उत्तर असे: आडोसा सोडणे ही सैनिकाची चूकच. तुमच्या प्रशिक्षकांनी शिकवलेले विसरू नका. पण त्या क्षणी ज्याला फुलपाखरू दिसले, त्याच्यातला माणूस अजून जिवंत होता. गणवेश घातल्यावर तो माणूसही सांभाळायचा असतो.

स्वाध्याय: आपल्या वाचनातील एखादा लहानसा जीव निवडा आणि वरील तीन प्रश्नांची उत्तरे दहा ओळींत लिहा.