ईमेल येते, पण जात नाही

आपल्या वस्तीतील एका विद्यार्थिनीवर आलेला प्रसंग प्रथम सांगतो. एका संस्थेने शिष्यवृत्तीच्या मुलाखतीपूर्वी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रिका ईमेलने मागविल्या होत्या. मुलीने मुदतीच्या दोन दिवस आधी सर्व कागद स्कॅन करून जोडले, पाठविण्याचे बटण दाबले आणि ती निश्चिंत झाली. पुढचे आठ दिवस मैत्रिणींच्या व महाविद्यालयाच्या ईमेल तिला नेहमीप्रमाणे येत होत्या, त्यामुळे संशय येण्याचे कारणच नव्हते. मुलाखतीचे पत्र आले नाही म्हणून चौकशी केली, तेव्हा कागदपत्रे मिळालीच नाहीत असे उत्तर आले. संगणक उघडून पाहिले तर पत्र आऊटबॉक्समध्ये तसेच पडून होते. संस्थेने तिचे म्हणणे ऐकून घेतले, पण अर्ज घेतला नाही.

ईमेल येत आहे म्हणजे जातही असणार, हा समज किती महागात पडतो ते यावरून दिसेल. वास्तविक ईमेल येण्याचा मार्ग व जाण्याचा मार्ग हे दोन अगदी निराळे मार्ग आहेत. आलेली पत्रे संगणकावर आणण्याचे काम पॉप किंवा आयमॅप नावाची पद्धत करते, तर पाठविण्याचे काम एसएमटीपी नावाची दुसरीच पद्धत करते. दोहोंच्या सर्व्हरची नावे वेगळी, दारांचे क्रमांक वेगळे. पोस्टमन रोज दारात येतो, म्हणून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलेले आपले पत्र उचलले गेलेच असे कोणी म्हणत नाही. तसेच हे आहे.

एसएमटीपीचे नियम जोनाथन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा या जाळ्यावर मोजकीच विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या. पत्र देणारा कोण, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही आणि २५ क्रमांकाचे दार, म्हणजे पोर्ट, सर्वांना खुले राहिले. पुढे इंटरनेट घराघरात गेले (आपल्याकडे ते सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले) आणि या मोकळ्या दाराचा फायदा फुकट्या जाहिरातवाल्यांनी घेतला. म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये पत्र दाखल करण्यासाठी ५८७ क्रमांकाचे स्वतंत्र दार नेमून देण्यात आले व १९९९ मध्ये पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याचे नियम आले. आज अनेक इंटरनेट कंपन्या घरच्या जोडणीवर २५ क्रमांकाचे दार बंदच ठेवतात. एखाद्या जुन्या पुस्तकात पाहून कोणी तो क्रमांक भरला, तर पत्रे येत राहतील, पण एकही जाणार नाही.

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण विहारात ऐकतो. संगणकापुढे बसल्यावर मात्र तो विसरतो आणि दिसेल ते बटण दाबत सुटतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. नाहीतर बिघाड दुरुस्त झाला तरी कशाने झाला ते कळत नाही.

प्रथम पत्र कोठे आहे ते पाहावे. ड्राफ्ट्समध्ये असेल तर ते पाठविलेच गेलेले नाही. आऊटबॉक्समध्ये असेल तर संगणकाबाहेर पडलेले नाही. सेंटमध्ये असेल तर सर्वसाधारणपणे आपल्या सर्व्हरने ते स्वीकारले आहे व शोध पुढे करावा लागेल. आऊटबॉक्समध्ये अडकले असल्यास ब्राऊझरमधून त्याच खात्यात प्रवेश करून स्वतःलाच दोन ओळींचे पत्र पाठवावे. ते गेले तर खाते व इंटरनेट ठीक आहे, दोष ईमेलच्या सॉफ्टवेअरमधील नोंदींत किंवा त्या विशिष्ट पत्रात आहे. तेथूनही गेले नाही तर दोष खात्यात किंवा जोडणीत. जीमेलच्या मोफत खात्यात ईमेल, फोटो व ड्राईव्ह मिळून १५ जीबी जागा असते. ती पूर्ण भरली व तशीच राहिली, तर पत्रे पाठविणे व घेणे दोन्ही थांबू शकते.

पडद्यावर येणारा इंग्रजी संदेश पाहून बहुतेक जण घाबरून तो बंद करतात. तसे करू नये. तो वहीत उतरवून घ्यावा, निदान त्यातील तीन आकडी क्रमांक तरी. त्याचा पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती असते, ५ असेल तर नकार पक्का असतो. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर केवळ साध्या पासवर्डाने बाहेरच्या सॉफ्टवेअरला प्रवेश देणे बंद केले. नवे सॉफ्टवेअर गूगलचीच खिडकी उघडून परवानगी घेते. जुन्यासाठी खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड मिळवावा लागतो. खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की तो ॲप पासवर्डही रद्द होतो, हे ध्यानात ठेवावे.

मुळीच उत्तर न येता संगणक वाट पाहत राहिला, तर बाहेर जाणाऱ्या सर्व्हरच्या नोंदी तपासाव्यात. ५८७ बरोबर स्टार्टटीएलएस व ४६५ बरोबर एसएसएल/टीएलएस ही जोडी हवी. जोड्या उलट लावल्या की संवाद सुरूच होत नाही. (हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत भरावेत.) सर्व्हरला ओळख द्यावी लागते, या अर्थाची खूण केलेली असावी. तारीख मागे पडलेल्या जुन्या संगणकावर सुरक्षिततेचे प्रमाणपत्र अमान्य ठरते, तेही पाहावे.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. तिचे खाते ठीक होते, पत्र जड होते. दाखले तिने ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केले होते व फायली मिळून २२ एमबी भरल्या. सेवेची मर्यादा २५ एमबी, म्हणून तिला काळजी वाटली नाही. परंतु ईमेलमधून जाताना फाईल अक्षरांत रूपांतरित होते व सुमारे एकतृतीयांशाने फुगते. २२ चे २९ झाले आणि ५५२ क्रमांकाने पत्र नाकारले गेले. तो संदेश एका लहान खिडकीत आला होता, ती तिने न वाचता मिटविली. तेच कागद आम्ही २०० डीपीआयवर, रंगाशिवाय, पीडीएफ करून पाहिले तेव्हा एकूण वजन ३ एमबीच्या आत आले. अक्षर न अक्षर वाचता येत होते. रंगीत प्रतच मागितली असेल तर अर्थातच रंग ठेवावा, पण डीपीआय कमी करावा.

पत्र सेंटमध्ये आहे आणि तरी पोचले नाही, अशा वेळी मेलर-डेमनकडून परतपत्र आले आहे का ते पाहावे. त्यात ५५० असेल तर बहुधा पत्ता चुकला असतो. एखादे अक्षर इकडचे तिकडे पुरते. केवळ विलंब झाल्याची सूचना असेल तर सर्व्हर स्वतःच काही दिवस पुन्हा प्रयत्न करतो. मात्र मुदत जवळ असेल तर त्यावर विसंबू नये, फोन करावा. परतपत्राचे सोंग घेतलेली खोटी पत्रेही येतात. त्यातील दुव्यावर पासवर्ड भरू नये. तसेच इंटरनेटवर सापडलेल्या मदतकेंद्राच्या क्रमांकावर फोन करून, समोरच्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे सॉफ्टवेअर कधीही घेऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

संस्थांच्या चिटणीसांसाठी एक सूचना. जीमेलच्या वैयक्तिक खात्यातून दिवसाला ५०० च्या वर पत्रे जात नाहीत. मर्यादा ओलांडली की २४ तासांपर्यंत पाठविणे बंद राहू शकते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सूचना सर्व सभासदांना आदल्या रात्री धाडण्याऐवजी चार दिवस आधी, गट पाडून धाडावी व पत्ते बीसीसीमध्ये घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. पत्र गेल्यावर तिने सेंट उघडून पाहिले, जोडलेली प्रत्येक फाईल तेथून उघडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन करून पोच मागितली. पोच त्याच दुपारी ईमेलने आली.