पाया कच्चा, मग मजला थांबवायचा का?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. बऱ्याच मुलांना अपूर्णांकही जमत नाहीत. आधी एक सत्र शाळेचंच गणित घ्यावं का?

उत्तर : नको. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी वर्षानुवर्षं हेच केलं. कच्च्या मुलांना आधी बिनश्रेयांकाचा बीजगणिताचा वर्ग, पदवीचं गणित नंतर. कितीतरी मुलं त्या उंबरठ्यावरच गळाली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत अशा मुलांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट पाडले गेले. नुसतं बीजगणित घेणारे ३९ टक्के उत्तीर्ण झाले, बीजगणितासोबत मदतवर्ग मिळालेले ४५ टक्के. थेट पदवीचं संख्याशास्त्र आणि जोडीला मदतवर्ग मिळालेले मात्र ५६ टक्के!

तेव्हा मुख्य धडा थांबवू नका, उजळणी त्याच्या जोडीला ठेवा. चक्रवाढ व्याजाच्या दिवशीच टक्केवारीला पंधरा मिनिटं द्या. कुणी १/२ + १/३ = २/५ लिहिलं, तर नुसती लाल फुली मारू नका. विचारा, “अर्ध्या भाकरीत भर घातली, तरी ती अर्ध्याहून कमी कशी झाली?” मग भाकरीचे सहा सारखे भाग काढायला लावा. तीन अधिक दोन, म्हणजे सहापैकी पाच, हे मूल स्वतःच सांगेल.

आणि “हे तर पाचवीचं आहे” हे वाक्य वर्गात कधीही उच्चारू नका.