मिळकतीतील तफावत आणि मोजणीचे शब्द

स्थलांतरित अल्पसंख्य समाजाची मिळकत बहुसंख्यांपेक्षा किती कमी, हा प्रश्न प्रथमदर्शनी अर्थशास्त्राचा वाटतो. वाशीम जिल्ह्यातील बंजारा तांड्यांकडे पाहिले, की तो भाषेचाही आहे हे लक्षात येते.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूर नेणारे हे लोक. त्यांच्या गोरबोलीचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. आगगाडी आली आणि लदेणी बुडाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्काही पुढे अनेक ठिकाणी त्यांच्यावर बसला. ते स्थिरावले तेव्हा कसदार काळी जमीन आधीच्या गावकऱ्यांकडे होती. तांड्याच्या वाट्याला बहुधा माळरानच आले. तफावतीचे मूळ येथे आहे.

ती मोजायची कशी? जनगणनेत उत्पन्न विचारले जात नाही, आणि मातृभाषा म्हणून सांगितलेली बंजारी वा लमाणी तेथे हिंदीच्या खाती जमा होते. म्हणून व्यवहारातील शब्दांकडे वळू. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या बोलण्यात ‘पगार’ क्वचितच येतो. येते ती ‘उचल’. मात्र उचल ही कमाई नव्हे. मुकादमाने हंगामापूर्वी दिलेली ती आगाऊ रक्कम, म्हणजे ऊस तोडून फिटेपर्यंत कर्जच. शिवाय ‘उचलणे’ या क्रियापदाचा कर्ता घेणारा असतो. देणारा वाक्याबाहेर राहतो.

दुसरा शब्द ‘कोयता’. हत्याराचे हे नाव करारात नवरा-बायकोच्या जोडीचे एकक होते. दर टनावर, हिशेब जोडीचा. लक्षणेचे उदाहरण म्हणून आम्ही तो वर्गात हौसेने सांगतो. परंतु या लक्षणेत बाईची मजुरी वेगळी उरतच नाही. एका पगारदाराच्या मिळकतीशी कोयत्याची रक्कम ताडून पाहिली, तर दोघांचे श्रम एकाचे ठरतात आणि दरी आहे त्याहून अरुंद दिसते. अर्ध्या कोयत्याशी तुलना करा, मग आकडा बोलू लागेल.

वसंतराव नाईक याच समाजातले. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. या दाखल्यावरून तांड्याची सरासरी काढण्याचा मोह उत्तरपत्रिकांत वारंवार दिसतो. तो टाळावा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील तीन कष्टकरी कुटुंबांशी बोला. उचल, रोज, मजुरी, पगार यांपैकी ते कोणते शब्द वापरतात ते टिपा. प्रत्येक शब्दापुढे, ती रक्कम किती माणसांच्या व किती दिवसांच्या कामाची आहे, हे लिहा.