नव्या वर्षाचा संकल्प : आधी मोजू, मग ठरवू



१ जानेवारीला तुमच्यापैकी अनेकांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहिले असतील. ‘रोज व्यायाम करीन’, ‘एखादा छंद जोपासीन’, ‘घरकामात आईला मदत करीन’. अक्षर सुरेख, खाली दोन रेघा. पण संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत यांतले किती संकल्प शिल्लक राहतात? बहुतेकांचे उत्तर ओळखीचे असेल. मग आपण म्हणतो, “माझ्यात चिकाटीच नाही.”

हे निदान घाईचे आहे. वरचे संकल्प पुन्हा एकदा वाचा. त्यांत एकही आकडा नाही. आज आपण कोठे उभे आहोत, कोठे जायचे आहे आणि तेथे पोचलो हे कसे कळणार, यांपैकी कशाचेच उत्तर त्यांत नाही. मोजता न येणारा संकल्प पुरा झाला की मोडला हे तरी कसे ठरवणार? म्हणून दोष चिकाटीला देण्याआधी संकल्प करण्याची रीत तपासून पाहू या. त्यासाठी दूर जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत याचे नाव अहमदनगर होते) या रीतीचे तीन उत्तम धडे आपल्याला मिळतात. एक घराचा, एक आरोग्याचा आणि एक छंदाचा.

पहिला धडा : पाण्याचा जमाखर्च

अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीला टेकलेला आहे. तेथील घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण ढग पूर्वेकडे सरकू लागले की पाऊस झपाट्याने कमी होतो. जिल्ह्याचा बराच भाग अशा पर्जन्यछायेत येतो. याच भागात नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव आहे. तेथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो. डोंगर उघडे पडलेले, विहिरी आटलेल्या आणि माणसे कामासाठी गाव सोडून जात असलेली, अशी या गावाची एके काळी स्थिती होती.

१९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. १९९४ पासून आदर्श गाव योजनेतून या कामाला आधार मिळाला. हे सारे महत्त्वाचे आहेच; पण आपल्या दृष्टीने खरी शिकण्याची गोष्ट पुढेच आहे. हे गाव पाण्याचे अंदाजपत्रक मांडते. पाऊस पर्जन्यमापकाने मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, आणि पावसाळा संपल्यावर हिशेब ग्रामसभेपुढे येतो. प्रथम पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे. उरेल त्यावर पुढची पिके ठरवायची. उसासारखी फार पाणी पिणारी पिके गावाने दूर ठेवली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असाही नियम केला.

येथे क्रम नीट लक्षात घ्या. ‘यंदा एवढे पीक काढूच’ असे ठरवून मग पाणी शोधायचे, असा हा क्रम नाही. आधी मोजायचे, मग ठरवायचे. पाऊस कमी झाला तर पीक बदलायचे. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी गाव स्वतःला आळशी म्हणत नाही. ते आपले उद्दिष्ट नव्या आकड्याला जुळवून घेते.

आणखी एक गंमत पाहा. भारतात पाण्याचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. जलशास्त्रज्ञ ते १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरतात, कारण जमेची बाजू जूनमध्ये सुरू होते. तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा निसटला म्हणून हळहळू नका. ज्या दिवशी मोजायला सुरुवात कराल, तोच तुमचा वर्षारंभ!

घरी करून पाहा : गळका नळ आणि घराचे छप्पर

एक सोपे गणित मनात ठेवा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर १ लिटर पाणी जमते. तुमच्या घराचे छप्पर ३० चौरस मीटर आहे आणि वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडतो असे समजू. मग,

३० × ४०० = १२,००० लिटर.

एवढे पाणी वर्षभरात तुमच्या छपरावर पडते. काही उडून जाते, काही भिंतीवरून ओघळते. म्हणून सारे हाती लागत नाही. पण आकड्याचा अंदाज आला.

आता घरातला एखादा ठिबकणारा नळ शोधा. त्याखाली भांडे ठेवा आणि घड्याळ लावून १० मिनिटे थांबा. जमलेले पाणी औषधाच्या मापाने मोजा. समजा ५० मिलिलिटर भरले. म्हणजे तासाला ३०० मिलिलिटर, दिवसाला ७.२ लिटर आणि वर्षाला सुमारे २,६३० लिटर. वरच्या हिशेबातील छपरावर पडणाऱ्या पावसाच्या पाचव्या हिश्श्याहून हे जास्त झाले!

आता ‘मी घरकामात मदत करीन’ या संकल्पाऐवजी असे लिहा : ‘१५ तारखेपर्यंत न्हाणीघरातील नळाची चकती बदलून घेईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १० मिनिटे मोजीन.’ या वाक्यात काम आहे, मुदत आहे आणि तपासणीही आहे. चकतीला थोडेच पैसे लागतात आणि घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ती तुम्हालाही बसवता येईल.

दुसरा धडा : जामखेडचा वजनकाटा

याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड तालुका आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. आजारी माणूस दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहत बसायचे नाही, असे त्यांनी ठरवले. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. त्यांपैकी अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. तरीही लहान मुलांचे वजन करणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे, गरोदर स्त्रियांची काळजी घेणे ही कामे त्या आत्मविश्वासाने करू लागल्या. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वजनाचीच गोष्ट घ्या. मूल अशक्त होत चालले आहे हे रोज पाहणाऱ्या आईला पटकन कळत नाही, कारण बदल हळूहळू होतो. पण दर महिन्याचे वजन कागदावर मांडले, की वर चढणारी रेघ आडवी झालेली लगेच दिसते. डोळ्याला न दिसणारा सावकाश बदल मोजमापाने दिसू लागतो. आरोग्याची नोंद ठेवायची ती याचसाठी.

घरी करून पाहा : आपली नाडी

सकाळी उठल्यावर, अंथरुणातून बाहेर पडण्यापूर्वी, मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूवर दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवा. अंगठा वापरू नका. अंगठ्यालाही स्वतःचे ठोके जाणवतात आणि मोजणीत घोटाळा होतो. ३० सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि दुप्पट करा. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात.

एकाच दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. रात्री झोप कमी झाली, ताप आला, परीक्षेची धास्ती असली तरी ठोके वाढतात. सात दिवस मोजा आणि सरासरी काढा. उदाहरणार्थ, ८२, ७८, ८४, ८०, ७८, ८२ आणि ७६ हे आकडे आले, तर बेरीज ५६० आणि सरासरी ८०. हा तुमचा आरंभबिंदू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असा खेळ, व्यायाम किंवा कष्टाचे काम करावे. तुमच्या वयाला रात्री ८ ते १० तास झोपही हवी. आठवडाभर आपली मिनिटे आणि झोपेचे तास लिहून काढा. खेळ जेमतेम २० मिनिटे होत असेल, तर एकदम ६० वर उडी घेऊ नका. पहिल्या पंधरवड्यात ३०, दुसऱ्यात ४०, असे चढत जा. दर महिन्याच्या अखेरीस पुन्हा सात दिवस नाडी मोजा. नियमित व्यायामाने हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त पुढे ढकलू लागतो, म्हणून काही महिन्यांत विश्रांतीचे ठोके थोडे कमी होण्याचा संभव असतो.

मात्र दोन सूचना पाळा. तुम्हाला दमा, हृदयविकार किंवा असा काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वजन घटवणे हे उद्दिष्ट स्वतःच्या मनाने ठेवू नका. तुमचे वय वाढीचे आहे. या वयात वजन वाढायलाच हवे.

तिसरा धडा : बियाण्यांचे घर

आता छंद. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावात राहीबाई पोपेरे राहतात. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी बियाणे जमवणे, जपणे आणि पेरून पुन्हा वाढवणे हे काम त्यांनी मन लावून केले. भात, वाल, नाचणी, भाजीपाला यांच्या स्थानिक वाणांची बियाणे-बँक त्यांनी आपल्या घरी उभी केली. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षीच्या यादीत हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचेही नाव होते.

बी ही काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. त्यात गर्भ जिवंत असतो, आणि ओल व उष्णता लागली की तो हळूहळू मरतो. म्हणून बी वाळवून, राखेत घोळवून मडक्यात ठेवण्याची जुनी चाल आहे. कोरडी राख ओल शोषते आणि किडींनाही अटकाव करते. पण बी ठेवले म्हणजे जगले असे नाही. ते जिवंत आहे की नाही हे तपासून पाहावे लागते.

घरी करून पाहा : उगवण चाचणी

मटकीचे किंवा हरभऱ्याचे ५० दाणे मोजून घ्या. ओल्या सुती फडक्यावर रांगेत मांडा, वरून दुसरे ओले फडके घाला. फडके सुकू देऊ नका. सातव्या दिवशी मोड आलेले दाणे मोजा. ४१ दाण्यांना मोड आले, तर उगवण ८२ टक्के.

याचाच वर्षभराचा छंद करा. घरातील आजीला, शेजारच्या काकांना, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींना विचारून दर महिन्याला एक नवे गावठी बी मिळवा. पाकिटावर नाव, गाव, तारीख आणि देणाऱ्याचे नाव लिहा. तारीख नसलेले बी म्हणजे नाव नसलेली उत्तरपत्रिका! शिवाय एक तुलना करा. एकाच बियाचे दोन भाग घ्या. एक राखेत घोळवून कोरड्या डबीत, दुसरा तशाच डबीत पण राखेशिवाय ठेवा. दोन्ही डब्या शेजारी शेजारी असू द्या, म्हणजे फरक फक्त राखेचा राहील. सहा महिन्यांनी दोन्ही भागांची उगवण काढा. वर्षअखेर तुमच्याजवळ बारा बियाणी असतील आणि एका प्रश्नाचे स्वतः शोधलेले उत्तर असेल.

संकल्पाचे पाच नियम

तिन्ही धड्यांचे सार असे :

१. ठरवण्याआधी सात दिवस मोजा.
२. फळ आपल्या हाती पूर्णपणे नसते, कृती असते. म्हणून ‘नाडी ७२ वर आणीन’ असे न लिहिता ‘रोज ४० मिनिटे खेळेन’ असे लिहा.
३. छंद, आरोग्य आणि घर, प्रत्येकासाठी एकच संकल्प घ्या. हिवरे बाजारप्रमाणे गरजेचे आधी, हौसेचे नंतर.
४. नोंद त्याच दिवशी करा. चुकलेला दिवस कोरा सोडा. मागाहून अंदाजाने भरू नका. खोटा आकडा रिकाम्या चौकटीहून वाईट.
५. महिन्याच्या शेवटी आलेख काढा आणि गरज पडल्यास उद्दिष्ट बदला.

शेवटच्या नियमाबद्दल थोडे अधिक. उद्दिष्ट बदलणे म्हणजे हार नव्हे. पण ते आकडे पाहून बदलावे, कंटाळा आला म्हणून नव्हे. एखादा आठवडा आजारपणात गेला, तर तो अवर्षणाचा समजा आणि पुढे चला.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. १ मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल?
२. वर्गातील सर्वांनी आपापल्या नाडीची सात दिवसांची सरासरी नाव न लिहिता एका पेटीत टाका आणि वर्गाची सरासरी काढा.
३. शिक्षकांच्या मदतीने शाळेत सरळ बाजूंच्या डब्याचा पर्जन्यमापक तयार ठेवा. १ जूनपासून त्याचे नवे वर्ष सुरू होईल.

आता वहीचे ते पहिले पान उघडा. संकल्प खोडू नका. प्रत्येकासमोर एक रिकामी चौकट काढा आणि उद्या सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वी, तिच्यात पहिला आकडा लिहा.