जुनी देवळे पाहू या

सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. आपण जातो, दर्शन घेतो, पोरांना पाळण्यात बसवतो. पण आठशे-नऊशे वर्षांची देवळे आपल्या मुलखात उभी आहेत. तिकडे किती जण जातात? चला, या खेपेला तिकडे जाऊ.

पहिले गाव देवळाणे. ते आपल्याच बागलाण तालुक्यात आहे. येथे जोगेश्वर महादेवाचे दगडी देऊळ आहे. भिंतींवर मूर्तीच मूर्ती. काही स्त्री-पुरुषांच्या मूर्ती पाहून बायामाणसे तोंडाला पदर लावतात. त्यात लाजायचे काय? खजुराहो, कोणार्क येथल्या मोठ्या देवळांवरही अशा मूर्ती आहेत.

लोक अशा देवळाला हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत हे देवगिरीच्या यादव राजांचे प्रधान. ते १३ व्या शतकात झाले. कितीतरी देवळे त्यांच्याही आधीची आहेत, पण नाव मात्र त्यांचेच चिकटले!

आता बांधणी पाहा. आपण भिंत बांधताना दगडांमध्ये माती घालतो, नाहीतर सिमेंट. येथे चुनासुद्धा नाही. घडीव दगडावर घडीव दगड नीट बसवला आहे. वरच्याच्या भाराने खालचा जागी राहतो. मग एक दगड निघाला तर काय होईल? शेजारचे ढिले होतात, हळूहळू भिंत बसते. म्हणून देवळाचा पडका दगडही घरच्या पायरीला आणू नये. तो तेथेच असला तर जाणकार माणूस पुन्हा जागेवर बसवू शकतो.

दुसरा वैरी पिंपळ. पाखरे बी टाकतात, सांध्यात रोप उगवते. पिंपळ तोडू नये, असे आपण म्हणतो. अंगणातला नका तोडू. पण शिखरावरचा पिंपळ देवळालाच खातो, बरे का! त्याची मुळी दगड फोडते. रोप बोटाएवढे असतानाच पुरातत्त्व खात्याला कळवावे. आपण ओढून काढू नये, सांधा उकलतो. आणि कोणी भक्तीने मूर्तीला ऑइलपेंट फासतो. त्याने नाकडोळे बुजतात. भक्ती खरी, पण मूर्ती गेली!

अशा देवळांसाठी १९५८ चा कायदा आहे. राखीव देवळाची मोडतोड करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

पुढे मालेगावला जाऊन धुळ्याची गाडी धरावी. वाटेत आग्रा रोडवर झोडगे लागते. तेथे माणकेश्वर महादेवाचे देऊळ आहे. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी वरपर्यंत चढत गेल्या आहेत. त्या खालून मोजून पाहाव्या.

शेवटी सिन्नर. नाशिकहून पुण्याच्या वाटेवर हे गाव आहे. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी येथे होती. येथले गोंदेश्वर आम्हाला सगळ्यांत आवडते. मध्ये महादेव, समोर नंदी, आणि चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य यांची चार लहान देवळे. एका ओट्यावर पाच देवळे! भाकरी बांधून न्यावी आणि निवांत बसून पाहावे. परत नाशिकला आले की सटाण्याची एस.टी. मिळते.