दूरचित्रवाणी आणि शेतकऱ्याचे शिक्षण

कोणतेही नवे ज्ञान शेतापर्यंत पोहोचावयाचे तर त्यास तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी माहितीची, दुसरी मनोवृत्तीची आणि तिसरी कृतीची. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती तपासावी हे कानी पडणे ही माहिती होय. असे करणे आपल्या हिताचे आहे असे मनास पटणे ही मनोवृत्ती होय. आणि ओल्या गोणपाटावर शंभर दाणे प्रत्यक्ष मोजून ठेवणे ही कृती होय. दूरचित्रवाणी पहिल्या पायरीवर फार समर्थ आहे. दुसऱ्या पायरीवरही तिचा प्रभाव पडतो, परंतु तो सावकाश पडतो. तिसरी पायरी मात्र ती एकटी क्वचितच चढवू शकते. हे सामर्थ्य व ही मर्यादा नीट ओळखली, म्हणजे या साधनाचा उपयोग कसा करून घ्यावा हे समजू लागते.

पूर्वीच्या प्रयोगांचा अनुभव

या विषयाचा पहिला महत्त्वाचा धडा महाराष्ट्राच्या भूमीतच मिळालेला आहे, आणि तो आकाशवाणीचा आहे. १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील १५० गावांत युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग करण्यात आला. आठवड्यातून दोन वेळा गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्या गावांच्या मानाने मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडल्याचे पाहणीत आढळून आले. कार्यक्रम तोच होता; फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यामुळे.

पुढे २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून ‘कृषि दर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो पाहता यावा म्हणून दिल्लीच्या परिसरातील ८० गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, आणि त्यावरील ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम मराठी शेतकऱ्यांच्या घरोघरी परिचित झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना, विशेषतः स्त्रियांना, या कार्यक्रमांचा अधिक लाभ झाल्याचे या प्रयोगात दिसून आले. छापील पत्रिका त्यांच्या हाती पोहोचत नव्हती. चित्र मात्र थेट पोहोचले.

डोळा काय शिकतो

जी गोष्ट हाताने करावयाची आहे, ती शिकविण्यात चित्रासारखे दुसरे साधन नाही. उगवणशक्तीची चाचणी हेच उदाहरण घ्यावे. गोणपाट भिजवून पसरावे, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून सैल गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. शंभरपैकी ७० किंवा अधिक दाणे उगवल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याहून कमी उगवल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते, आणि उगवण फारच कमी असल्यास ते बियाणे पेरू नये. हे सर्व वाचून समजण्यास वेळ लागतो, परंतु दोन मिनिटांचे चित्र पाहून शाळेतील मूलही ते करून दाखवू शकते.

परंतु डोळा एवढेच शिकत नाही. १९६०च्या सुमारास अल्बर्ट बंदुरा या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर काही प्रयोग केले. मोठे माणूस एका बाहुलीस मारीत आहे असा चित्रपट ज्या मुलांनी पाहिला, ती मुले पुढे खेळताना तशीच वागू लागली. तसे करा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणजे चित्रात जे सांगितलेले नसते, पण दिसते, तेही प्रेक्षक उचलतो.

शेतीत याचा परिणाम जीवावर बेतणारा होऊ शकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा घटनेमागे अनेक कारणे असतात. तरीही फवारणीचे दृश्य दाखविणाऱ्याने त्यातून एक बोध घेतलाच पाहिजे. निवेदक औषधाचे प्रमाण अचूक सांगत असेल, परंतु दृश्यातील माणूस उघड्या अंगाने, तोंडास काही न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध फवारत असेल, तर प्रमाण विसरले जाते आणि रीत लक्षात राहते.

कथा आणि मूल्ये

शेतीच्या कार्यक्रमापेक्षा घरोघरी मालिका अधिक पाहिल्या जातात, आणि मूल्यांवर त्यांचाच प्रभाव अधिक पडतो. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही १५६ भागांची मालिका दाखविण्यात आली. कुटुंबनियोजन व स्त्रियांचा दर्जा यांविषयी लोकांनी विचार करावा, असा तिचा उद्देश होता. प्रेक्षकांकडून लाखो पत्रे आली. मात्र पुढील अभ्यासात एक विचार करण्याजोगी गोष्ट आढळली. निमूटपणे सर्व सोसणारी आई ही अनुकरणीय नव्हे असे मालिकेस सुचवावयाचे होते, परंतु पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. प्रेक्षक काही कोरी पाटी नसतो; दिसेल ते तो आपल्या संस्कारांच्या चाळणीतून गाळून घेतो.

तरीही बदल घडतो. २००१ ते २००३ या काळात पाच राज्यांतील ग्रामीण भागांत रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गावात केबल आल्यानंतर पत्नीस मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा वाटा वाढला, असे त्यांना आढळले. या मालिका काही उपदेश करण्यासाठी निर्माण झालेल्या नव्हत्या. वेगळ्या रीतीने जगणारी माणसे रोज डोळ्यांसमोर आली, एवढ्यानेच जे अशक्य वाटत होते ते शक्य वाटू लागले. पेरणी, खुरपणी व कापसाची वेचणी यांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. म्हणून शेतीच्या कार्यक्रमात शास्त्रज्ञ व प्रश्न विचारणारा हे दोघेही नेहमी पुरुषच असतील, तर शेतीचे ज्ञान स्त्रियांसाठी नव्हे असा न बोललेला धडा दिला जातो, हे निर्मात्यांनी ध्यानात ठेवावे.

जाहिरात व सल्ला यांतील भेद

२६ मे २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. आज मोबाइलवरही शेतीविषयक चित्रफिती मुबलक दिसतात. त्यांत सल्ला कोणता व विक्रीची जाहिरात कोणती हे ओळखणे अवघड झाले आहे. चित्रातील भरघोस पीक कोणत्या जमिनीतले, किती पाण्यावरचे व किती खर्चाचे हे सांगितलेले नसेल, तर ते पाहून कर्ज काढणे धोक्याचे असते. फसलेला प्रयोग चित्रफितीत दिसत नाही. तो शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरील बोज्यात दिसतो.

कार्यक्रम पाहण्याची योग्य रीत

१. शक्यतो दहा-पंधरा जणांनी एकत्र पाहावे. त्यांत घरातील स्त्रिया व तरुण मुले असावीत.

२. वाण, प्रमाण, वेळ व जमिनीचा प्रकार यांची वहीत नोंद करावी. केवळ स्मरणावर विसंबून औषध मोजू नये.

३. कार्यक्रम संपताच अर्धा तास चर्चा करावी. हे आपल्या जमिनीस लागू पडते काय, खर्च किती येईल, आणि सांगणाऱ्यास विक्रीतून लाभ आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत.

४. शंका सहायक कृषि अधिकारी किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे न्याव्यात.

५. नवी पद्धत प्रथम एक-दोन गुंठ्यांवर करून पाहावी, शेजारी जुन्या पद्धतीचा तेवढाच तुकडा ठेवावा आणि दोन्हींचा खर्च व उत्पन्न लिहून ठेवावे.

ही रीत नवी नाही. १९५६ साली पुण्याच्या परिसरातील शेतकऱ्यांनी ती रेडिओभोवती बसून सिद्ध करून दाखविली होती. त्या काळी गावात एक संच असे व त्याभोवती माणसे जमत. आता प्रत्येकाच्या हाती पडदा आहे व पाहणारा एकटा आहे. साधन वाढले तरी चर्चा आटली, तर ज्ञान पहिल्याच पायरीवर थांबते. म्हणून येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावातील शेतकरी गटाने आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र पाहण्यासाठी व बोलण्यासाठी राखून ठेवावी.