मामीनं वाढवलं, तरीसुद्धा

काय गं, परवा घाटावर भेटलीस तेव्हा बारावीचे मार्क हसत सांगितलेस, आणि ‘पुढं काय?’ म्हटल्यावर नदीकडं बघत बसलीस. मामी मागं उभ्या होत्या, म्हणून मी गप्प राहिले. आता दोघीच आहोत.

पैशाचं आहेच, पण तू अडलीयस त्या ‘अनाथ’ शब्दापाशी. मामींनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, मग अनाथ प्रमाणपत्राच्या अर्जात असं कसं लिहू, हेच ना? मी आजीजवळ वाढले. तो शब्द लिहिताना तिला दिसू नये म्हणून वही आडवी धरली होती. ती म्हणाली, “लिही की. मी काय कागदात राहते व्हय?”

सरकार तुला कोण माया करतं हे विचारतच नाही. अठरा पूर्ण होण्याआधी आई-वडील दोघंही गेले का, एवढंच बघतं. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात दोन गट आहेत. संस्थेत वाढलेली मुलं ‘संस्थात्मक’, नातेवाइकांकडं वाढलेली ‘संस्थाबाह्य’. तू दुसऱ्या गटातली. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का जागा या दोन गटांत निम्म्या निम्म्या वाटलेल्या. हे आरक्षण २०१८ मध्ये आलं, गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदेनं मुख्यमंत्र्यांपर्यंत धडक मारली म्हणून. ती लाजून बसली असती तर आज आपण काय बोललो असतो?

बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २२५० रुपये थांबले म्हणून मामी घाबरल्यात. काही चुकलेलं नाही, ती योजना अठरापर्यंतच. आणि ते पैसे मिळत होते म्हणजे अनाथ प्रमाणपत्रही मिळेल, असं समजू नकोस. वडील गेले पण आई आहे, अशा मुलीलाही बालसंगोपन मिळतं, प्रमाणपत्र नाही.

संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोय आहे. कायद्यानं एकवीसपर्यंत, विशेष कारण असेल तर तेवीसपर्यंत, आणि मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपये. तुला ते नाही. मला हे पटत नाही, बरं का. मामांच्या घरातही अठराव्या वर्षी कोणी नोटांची थप्पी ठेवत नाही.

म्हणून फीकडं बघ. तुला इंजिनिअरिंग करायचंय ना? २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर हात चोळत बसशील. शिवाय एआयसीटीईची ‘स्वनाथ’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. दुसरी शिष्यवृत्ती घेणार असशील, तर आधी तिचे नियम नीट वाच.

आता प्रमाणपत्रासाठीचे कागद. दोघांचे मृत्यू दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड. २०१९ च्या महापुरात तुमच्याकडचे दाखले भिजून गेलेत, पण नोंद ज्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत झाली तिथून नवे निघतात. नावं मात्र अक्षर न् अक्षर जुळव. माझ्या आईच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं आणि माझ्या दाखल्यावर तिचं सासरचं. एवढ्यासाठी एका टेबलावरून माझी फाईल तीनदा परत आली. चौथ्यांदा मी रडले, मग आजीनं टेबलावर हात आपटला. कोणत्या गोष्टीचा उपयोग झाला, देव जाणे.

अर्ज कोल्हापूरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं द्यायचा. प्रमाणपत्र पुण्याच्या विभागीय उपायुक्तांकडून येतं, म्हणून प्रवेशाच्या तोंडावर पळू नकोस. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं निघू. मामींनाही घे. तिथं ‘सांभाळ कोणी केला?’ असं विचारलं, तर ते त्यांनाच सांगू दे.